हरण्याच्या खांद्यावरचा डाग

१

सकाळी आठ वीसला भागवत तीन नंबरच्या शेडमधून पळत बाहेर आला, तव्हाच मी ओळखलं की आज पोळ्याची पुरणपोळी काही आपल्या नशिबात न्हाई. भागवत आमचा स्टोअरकीपर. बावीस वर्षांत त्याला पळताना मी पाहिलं न्हाई. जेवणाची घंटा झाली तरी गडी रमतगमत येतो.

"भुजंगराव, हरण्याला कोणीतरी काहीतरी केलंय!"

हरण्या म्हणजे बैल न्हाई. आधी तेवढं सांगून टाकतो, न्हाईतर पुढचं काही कळायचं न्हाई. जाफराबादच्या पुढं डोंगराच्या आडोशाला, काटेरी तारेच्या तीन रांगांच्या आत आमचं सरकारी केंद्र आहे. बोर्डावर 'साहित्य परीक्षण केंद्र' लिहिलंय. आसपासच्या गावांत कोणी म्हणतं बियाण्याचं संशोधन, कोणी म्हणतं दारूगोळा. आम्ही नुसतं 'तारेत' म्हणतो. तारेत अणुबॉम्बची डोकी असतात. क्षेपणास्त्राच्या टोकाला बसवतात ती. त्यांची आखणी इथंच होते आणि ती सांभाळतातही इथंच. तपासायची, पुसायची, जुना भाग काढून नवा बसवायचा, वर कापडी खोळ घालून ठेवून द्यायची. प्रत्येकाला नंबर, पण तो नंबर तोंडानं उच्चारायचा न्हाई असा नियम. आता काम करणारी माणसं सगळी शेतकऱ्याच्या घरची. नंबर घ्यायचा न्हाई म्हणल्यावर बैलांची नावं पडली. पवळ्या, चांद्या, ढवळ्या. सगळ्यात म्हातारा हरण्या, एकतीस वर्षांचा. त्याचं वय झालं म्हणून उद्या त्याला सोडवायचा होता. सोडवायचा म्हणजे भाग-भाग खोलून कायमचा मोडायचा.

मी भुजंग, केदारखेड्याचा, इथल्या पहाऱ्याचा मुख्य. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. शेडमध्ये एकट्यानं जायचं न्हाई, दोघांनी जायचं. त्यातला एक पहारेकरी असला तर त्यानं पिवळ्या पट्टीवर दाराकडं तोंड करून उभं राह्यचं. डोक्यांकडं बघायची आम्हाला परवानगीच न्हाई. बावीस वर्षं मी हरण्याची राखण केली, पण तो दिसतो कसा म्हणून विचारलं तर मला सांगता येत नव्हतं.

"केलंय म्हणजे काय केलंय? नीट सांग."

"डाग! खोळ काढली तर दोन्ही अंगाला पिवळा डाग. चोळून चोळून लावलेला. काल दुपारी मोजणीला गेल्तो तव्हा नव्हता."

"मॅडमला सांगितलं?"

"वर फोन लावला. नियम आहे, आधी वर." भागवत घाम पुसत म्हणला. "पाच वाजता पथक येतंय. खोळ काल कोणी घातली विचारलं. साक्षीनं. 'स्वच्छ' म्हणून सही पण तिचीच. तिला बसवून ठेवा म्हणले."

वरच्या पथकानं गाडीत घालून नेलेली दोन माणसं मी पाहिलीत. त्यातलं एकही परत तारेत आलं न्हाई.

२

साक्षी सव्वीस वर्षांची, मंठ्याची पोरगी. बाप एसटीवर ड्रायव्हर होता. शिकून तंत्रज्ञ म्हणून लागली, पुढच्या महिन्यात कायम व्हायची होती. मॅडमच्या हाफिसात खुर्चीच्या कडेला टेकून बसलेली. समोर पाण्याचा ग्लास, भरलेला तसाच.

मॅडम म्हणजे डॉक्टर सत्यशीला, केंद्राच्या प्रमुख. वय अठ्ठावन्न, नोकरी सगळी इथंच. हसलेल्या कोणी पाहिल्या न्हाईत. कोणी हरण्या, पवळ्या म्हणलं की कडाडायच्या, "हा गोठा नाही!" आज मात्र खिडकीपाशी उभ्या होत्या, आणि हात सारखे पदराशी चाळा करून राह्यले होते.

"भुजंगराव, पाच वाजेपर्यंत वेळ आहे," त्या म्हणल्या. "तुम्ही शोधा. त्या मुलीवर येऊ देऊ नका."

"मी काही केलं न्हाई मामा," साक्षी एवढंच म्हणली.

मी रजिस्टर घेऊन बाहेर आलो. बसवेना म्हणून उभ्यानंच वाचलं. काल दुपारी दोनला भागवत आणि फिटर रामेश्वर, मोजणीला. साडेचारला मॅडम, मोडायच्या कागदावर सही करायच्या आधी शेवटचं बघायला, सोबत मी. पाचला साक्षी आणि रामेश्वर, खोळ घालायला. मंग कुलूप. आज सकाळी आठला भागवत आणि नागसेन, खोळ काढायला. दोनला डाग नव्हता, सकाळी होता. आजच्या सकाळचं म्हणाल तर भागवत आणि नागसेन एकमेकांना पाण्यात पाहतात, ते मिळून काही करतील हे बिलकुल शक्य न्हाई. मॅडमच्या फेरीला मी स्वतः हजर होतो. उरली पाचची ओळ.

नागसेन आमच्याकडं किरणं मोजतो. बारीक, शांत पोरगा. त्यानं डाग पुसून घेतलेला कापूस पिशवीत घातला होता.

"किरणं न्हाईत, आम्ल न्हाई," तो म्हणला. "तेलकट आहे. पक्कं सांगायला प्रयोगशाळेत तीन दिवस लागतील."

"तीन दिवस? तवर तिला कुठं नेऊन घालतील! आण इकडं."

"काका, हात लावायचा न्हाई."

"हात न्हाई, नाक लावतो."

त्यानं पिशवीचं तोंड बोटभर उघडलं. वास नाकात गेला आणि मी होतो तिथंच थबकलो. प्रयोगशाळा कशाला पाहिजे? माझ्या बापाच्या हाताला वर्षातून एका संध्याकाळी हाच वास यायचा. हळद आणि लोणी.

"नागसेन, डाग कुठं आहे बराबर?"

"मान संपून खाली रुंद होतं ना, तिथं. दोन्ही बाजूंना सारखाच. वरून खाली चोळलेला."

आज पोळा. म्हणजे काल खांदेमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाला न्हाऊ घालून त्याचा खांदा हळद-लोण्यानं मळतात. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, म्हणून. तारेच्या आत, तीन कुलपांच्या मागं, कोणीतरी अणुबॉम्बची खांदेमळणी केली होती!

३

भागवतला सांगितलं तर तो जास्तच पेटला. "हळद असो न्हाईतर गुलाल! आत गेली कशी? ज्याला हळद नेता येते त्याला काहीही नेता येतं. पथक हेच म्हणणार."

त्याचं बराबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

रामेश्वर कँटीनमागं कडुलिंबाखाली सापडला. दिवाळीला निवृत्त होणारा माणूस, आमच्याच केदारखेड्याचा. हातातली तंबाखू मळून मळून पीठ झाल्ती, तोंडात काही जात नव्हती.

"स्वच्छ होतं," मी विचारायच्या आधीच तो म्हणला.

"रामेश्वर, तू आणि मी एका ओढ्यात पोहायला शिकलो. माझ्या डोळ्यात बघून म्हण."

त्यानं तंबाखू फेकून दिली. "न्हाई म्हणता येत."

"तूच मळला का?"

"मी? माझी झडती दोन्ही टायमाला तुम्हीच घेतली की! नखाएवढं लोणी घावलं होतं का?" तो उसळून म्हणला, मंग आवाज खाली आला. "पाचला आत गेल्तो तव्हा खांदा मळलेला होता. मी बैलं विकून ट्रॅक्टर घेतला भुजंगराव, पण मळलेला खांदा ओळखू येणार न्हाई का? मला वाटलं, दुपारी माझी नजर चुकवून भागवतनं केलं. कोणी का केलं असंना, मला बरं वाटलं. उद्या मोडायचाय बिचारा. मी काही बोललो न्हाई, खोळ वढली."

"आणि साक्षीनं पाहिलं?"

"पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं सही केली."

"अरे गाढवा! तुझ्या त्या मान खाली घालण्यापायी तिला गाडीत घालून राह्यले!"

त्याचे डोळे भरले. "मी सांगतो पथकाला, मीच केलं म्हणून."

"आणि लोणी कुठून आणलं म्हणशील? तुझी झडती मी घेतल्याची सही आहे. दोघंही जाल." मी तिथल्या तिथंच चार चकरा मारल्या. "याला हरण्या नाव कोणी ठेवलं रे?"

"कोणाला ठाऊक. मी एकोणतीस वर्षांपूर्वी लागलो तव्हा तो हरण्याच होता. पवळ्या, चांद्या ही नावं आम्ही ठेवली, त्याचं बघून."

मी झडतीचं रजिस्टर काढलं. तारेत खिशाचे कपडे चालत न्हाईत. आत जाताना अंगावर बिनखिशाचा झगा, हातात सुती मोजे, आणि त्याआधी झडती. पुरुषांची मी घेतो. भागवत, रामेश्वर, दोघांच्या नावापुढं माझी सही. लोणी पुरुषानं नेलं नव्हतं, याची मी आईची शपथ घेऊन खात्री देतो.

बायकांची झडती दुर्गाबाई घेते. मी पान उलटलं. काल दुपारी चारनंतर बायकांचे रकाने कोरेच्या कोरे. आणि मला आठवलं. दुर्गाबाई आल्ती, "साहेब, पोळा आहे, जाफराबादची शेवटची जीप निघून जाईल, तासभर आधी सोडा की," आणि मी सोडलं होतं. आज तिची रजा. तिच्या अर्जावर सही माझी.

म्हणजे काल चारनंतर झडतीविना आत गेली ती एकच. पाच वाजता गेलेली. मी तिला वाचवायला निघालो होतो आणि माझ्याच रजिस्टरनं तिच्या गळ्यात फास घातला होता.

४

दुपारचे बारा वाजले. पलीकडच्या गावात डफ वाजायला लागला होता. मी साक्षीला व्हरांड्यात बोलावलं, दारं उघडी ठेवून.

"पोरी, तू खोटी सही केली."

तिनं ओठ घट्ट दाबले. मंग बांध फुटला. "मामा, मला वाटलं रामेश्वरकाकांनी ग्रीस लावलं! त्यांचा शेवटचा हरण्या, काहीतरी जास्तीचं केलं असंल. विचारलं असतं तर मला लिहावं लागलं असतं. दिवाळीला त्यांना निरोप द्यायचाय. म्हणून मी... मला काय माहिती एवढं होईल!"

"ग्रीस वाटलं?"

"मंग दुसरं काय असणार?"

मी तिच्याकडं नीट पाहिलं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी काय करतात सांग बरं."

"बैल धुतात ना? आम्ही मंठ्यात स्टँडमागं राहायचो. मातीचे बैल आणायचे आणि पुरणाच्या पोळ्या खायच्या."

"आणि बैलाला आवतण कसं देतात?"

"बैलाला कसलं आवतण?" ती भाबडेपणानं म्हणली.

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खांदा मळून झाला की बैलाच्या कानाशी म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' हे जिला ठाऊक न्हाई तिनं दोन्ही खांदे सारखे, वरून खाली, केसांच्या कलानं मळले नव्हते. पण ही गोष्ट पथकाला सांगून काय उपयोग? पोरीला पोळा माहीत न्हाई म्हणून ती सुटली, असं कोणत्या कागदावर लिहितात?

"पाणी पी," मी म्हणलो. "तू केलं न्हाई ते मला कळलं."

"तुम्हाला कळून काय मामा?" ती म्हणली, आणि ग्लास घेऊन तसाच खाली ठेवला.

मी गेटपासून शेडपर्यंत आणि शेडपासून गेटपर्यंत चालत राह्यलो. गुडघे बोंबलून राह्यले होते. पुरुष न्हाईत. साक्षी न्हाई. मंग काय हळद उडत आली? बरं, करणारा जुना पाहिजे. रामेश्वर यायच्या आधीपासून त्याला हरण्या म्हणणारा. रामेश्वरच्या आधीचं आता इथं कोण उरलंय?

सातवी का आठवी चक्कर असंल. मी शेडच्या दारापाशी आलो आणि सवयीनं दाराकडं तोंड करून उभा राह्यलो. आणि तिथंच अडकलो. झडतीविना एकच बाई गेली असं मी मोजलं होतं. साडेचारची ओळ मी सोडून दिल्ती, का तर तिथं मी होतो. होतो ना! पण कसा होतो? बावीस वर्षांपासून जसा असतो तसा. पाठ करून.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. माझ्या पाठीमागं, चार हातांवर, माझ्याच पहाऱ्यात झालं होतं सगळं.

पण पुरावा? एक लंगडी शंका घेऊन प्रमुखाच्या अंगावर जायचं? मंग आवतण आठवलं. काल ज्यानं आवतण दिलं, तो आज जेवू घातल्याशिवाय राहणार न्हाई. शेतकऱ्याच्या घरचं माणूस एक वेळ स्वतः उपाशी राहील, पण आवतण दिलेलं जनावर उपाशी ठेवणार न्हाई. आणि पाचनंतर पथक कोणालाच आत सोडणार न्हाई. म्हणजे पाचच्या आत. मी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलो, आणि देवाला म्हणलो, माझं खोटं ठरू दे.

५

साडेतीनला पावलं वाजली.

"भुजंगराव, मला एकदा आत बघायचंय," सत्यशीला मॅडम म्हणल्या. "चला."

झगा घातलेला, हातात मोजे. उजवी बाही मनगटाशी जरा फुगलेली. बाजूनं गेल्या तसा वेलदोड्याचा आणि गुळाचा वास आला. मी उठलो. कार्डं लावली, आत गेलो, दार लागलं. मॅडम पुढं गेल्या. मी पिवळ्या पट्टीवर दाराकडं तोंड करून उभा राह्यलो आणि दाराशीच बोललो.

"मॅडम, काल पण मी इथंच उभा होतो."

मागं पावलं थांबली.

"दुर्गाबाई गेल्ती. तुमची झडती झाली न्हाई. लोणी तुम्ही मोज्याच्या आत, तळहातावर आणलं. तुम्ही आत जायचं, मी दाराकडं बघायचं, म्हणून मला कधी संशयच आला न्हाई. हरण्या नाव रामेश्वरच्या आधीपासूनचं आहे, आणि त्याच्या आधीच्या आता तुम्ही एकट्याच. बैलांची नावं घेतली की रागवायच्या, पण पहिलं नाव ठेवलं तुम्हीच. आणि आता बाहीत पोळी आहे. काल आवतण दिलं म्हणून."

मागून आवाज आला तो हाफिसातल्या मॅडमचा नव्हता.

"हरण्या आमच्या वडिलांचा बैल होता," त्या म्हणल्या. "काकासाहेब म्हणायचे त्यांना. मला भाऊ नव्हता, खांदा मीच मळायचे. बायकांनी मळू नये म्हणायचे लोक. वडील म्हणायचे, बैलाला काय कळतं हात कोणाचा."

"आणि ती पोरगी?" मला राग आवरला न्हाई. "सकाळपासून पाण्याचा घोट घेतला न्हाई तिनं! तुम्ही खिडकीत उभ्या राहून बघत होता! असं कसं बघवलं हो तुम्हाला?"

"न्हाई बघवलं."

"मंग सकाळीच काहून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मला परत आत येऊ दिलं नसतं. आवतण दिलं होतं भुजंगराव." त्यांचा आवाज चिरकला. "उद्या सोडवायच्या आधी मीच पुसून घेणार होते, कोणाला कळलंही नसतं. भागवत सणाच्या सकाळीच खोळ काढील असं वाटलं न्हाई. पथकासाठी सगळं लिहून ठेवलंय, टेबलाच्या खणात आहे. साक्षी सुटंल. पण ती सात तास त्या खुर्चीत बसली ते माझ्यामुळं. त्याला माफी न्हाई, मला ठाऊक आहे."

"एवढं काय आहे हो याच्यात? लाखो माणसं मारायचं यंत्र!"

"म्हणूनच तर!" त्या जवळजवळ ओरडल्या. "सत्तावीस वर्षांची होते, याची आखणी केली तव्हा. लई हुशार समजायचे स्वतःला. हा तयार होऊन इथं आला त्या रातीपासून मला नीट झोप न्हाई. रोज सकाळी डोळा उघडला की पहिला विचार, आज जुंपतात का काय याला. एकतीस वर्षं. कारगिल झालं, काय काय झालं, दर वेळी वाटायचं, आता जुंपणार. न्हाई जुंपला. बाकीच्यांचे खांदे राबून सोलले म्हणून मळतात. याचा खांदा मळला, कारण त्याच्यावर जू पडलंच न्हाई. दावणीलाच म्हातारा झाला. त्याचे उपकार कसे मानायचे? दुसरी रीत येत न्हाई मला."

दाराची कडी माझ्या डोळ्यांपुढं धूसर झाली. माझे आठ महिने राह्यले होते निवृत्तीला. पट्टीवरून पाय हलवला न्हाई, पण मी वळलो.

बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. केवढासा होता! आमच्या गावच्या रांजणापेक्षा जरा उंच, राखाडी, निमुळता. दोन्ही अंगाला हळदीचा पिवळा हात उमटलेला. मॅडमनी बाहीतून पोळी काढली, दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढं नुसती दाखवली, कुठं टेकवली न्हाई.

"जेव बाबा," त्या म्हणल्या. "आता तू सुटला."

मंग त्यांनी पोळी रुमालात गुंडाळली, डोळे झग्याच्या बाहीला पुसले आणि मला म्हणल्या, "चला. साक्षीला आधी त्या खुर्चीतून उठवू."

६

पाचला पथक आलं. मॅडमनी चिठ्ठी समोर ठेवली, दोन वाक्यं बोलल्या, आणि गाडीत त्या स्वतः जाऊन बसल्या. साक्षीनं पाहिलं तव्हा ती व्हरांड्यातून धावत आली, पण गाडीच्या काचा वर झाल्त्या. रामेश्वर कडुलिंबाला धरून उभा होता. भागवत माझ्याशेजारी येऊन म्हणला, "मी नियमानंच केलं ना भुजंगराव?" नियमानंच केलं होतं त्यानं, काय बोलणार. मी हो म्हणलो.

मंग माझी पाळी. पथकाचे साहेब बाहेरचे, पण मराठी बोलणारे.

"काल साडेचारला तुम्ही आत होता. काय पाहिलं?"

"दार."

"आणि आज साडेतीनला?"

इथं पण 'दार' म्हणता आलं असतं. कोणी पाहिलं होतं मला? पण सकाळपासून या तारेत एकजण दुसऱ्यासाठी खोटं बोलून राह्यला होता, आणि त्यापायी एक पोरगी सात तास उपाशी बसली होती. मला वीट आल्ता.

"आज मी वळलो," मी म्हणलो. "लिहून घ्या. आणि दुर्गाबाईला मीच लवकर सोडलं होतं, तेही लिहा. तिचा दोष न्हाई."

मला घरी बसवलं. साक्षीला खोट्या सहीबद्दल ताकीद मिळाली, पण नोकरी राह्यली. मॅडमना तीन दिवसांनी सोडलं, जाफराबादला वडिलांच्या घरी. चौकशी चालू, तारेत पाय ठेवायचा न्हाई. हरण्याचं काम मधल्या काळात थांबलेलं. मी केदारखेड्यात अंगणात चकरा मारायचो. बायको म्हणायची, बियाण्याचं गोदाम सुटलं तर एवढं काय बाई! बसा की एका जागी! बसवायचं न्हाई.

बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. साक्षी होती. तारेतलं फोनवर बोलायचं न्हाई, हे तिला पक्कं माहीत.

"मामा," ती म्हणली, "बैल सुटला. मी होते तिथं, रामेश्वरकाका पण होते. नीट सुटला."

मी लगेच जाफराबादला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला, हातातच धरून बसल्यासारखा.

"मॅडम, सुटला."

फोनवर खरखर झाली. मला वाटलं फोन कटला.

"मॅडम?"

"ऐकलं भुजंगराव," त्या म्हणल्या. "मंग मी आता झोपते."

सकाळचे अकरा वाजले होते.